खर्ऱ्याविषयी गावाने स्वतःच अभ्यास आणि प्रशिक्षण करायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : धानपट्टा (सिंदेवाही तालुका, जिल्हा चंद्रपूर)

सर्वांना नमस्कार.

आमचे गाव सव्वातीनशे उंबऱ्यांचे आहे. बहुतेकांची धानाची शेती, आणि उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपत्ता यांवर घरखर्च चालतो. मी गावातील महिला ग्रामसंघाची सचिव आहे. मागील महिला ग्रामसभेत आरोग्याचे तीन-चार विषय निघाले, परंतु बायकांचा सर्वाधिक जोर खर्ऱ्यावर, म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना घोटून पन्नीत विकतात त्या मिश्रणावर, होता. शाळेच्या मागे, बोअरिंगच्या हातपंपाजवळ, खर्ऱ्याच्या पन्न्यांचा खच पडलेला असतो, आणि तो सातवी-आठवीतल्या पोरांचाच आहे हे सर्वांना ठाऊक आहे. घरातील पुरुष खर्रा खातात, रोवणीच्या दिवसांत शेतमालक मजुरांना चहाबरोबर खर्राही पुरवतो, आणि बायकांमध्ये नस व गुडाखू (दातांना घासायची तंबाखू) घासण्याची सवय आहे. मग पोरांना कोणत्या तोंडाने रागवायचे, असे एका आजीने सभेतच विचारले आणि कोणालाही उत्तर देता आले नाही.

ठराव झाल्यानंतर आमच्यापुढे दोन प्रस्ताव आले आहेत. पहिला प्रस्ताव एका महाविद्यालयाचा आहे. त्यांचे विद्यार्थी घरोघरी जाऊन चौदा पानांची प्रश्नावली भरून घेतील आणि त्यावर शोधनिबंध लिहितील. दुसरा प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या सभागृहात एक दिवसाचे प्रशिक्षण घेण्याचा आहे; त्यात तज्ज्ञांचे व्याख्यान, पडद्यावर कर्करोगाची चित्रे, जेवण आणि प्रमाणपत्र असे सर्व काही आहे. दोन्ही प्रस्तावांमागे हेतू चांगला आहे यात शंका नाही. मात्र आमच्या गावात यापूर्वीही फॉर्म भरले गेले, वजने घेतली गेली, रक्ताचे नमुने नेले गेले, आणि त्यातून काय निष्पन्न झाले हे गावाला आजतागायत कळलेले नाही. प्रशिक्षणांचेही तसेच. प्रमाणपत्रे घरोघरी फ्रेममध्ये लागली आहेत.

म्हणून विचारते की, गावाच्या उपयोगी पडेल असा अभ्यास म्हणजे नेमका काय करावा, तो कोणी करावा, मुलांना प्रश्न विचारताना कोणती काळजी घ्यावी, प्रशिक्षण कोणाला आणि कशाचे द्यावे, आणि वर्षभराने काही फरक पडला की नाही हे कसे ओळखावे? याच बरोबर रक्तक्षयाचाही विषय घ्यावा, असा काही सदस्यांचा आग्रह आहे. तो योग्य होईल का?

उत्तर : वैनगंगाकाठ (निवृत्त आरोग्य सहायक, जिल्हा गडचिरोली)

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. रक्तक्षयाचा विषय या वर्षी घेऊ नका. तो महत्त्वाचा नाही असे नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या, आणि आपल्या पूर्व विदर्भात त्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची भर आहे, त्यामुळे तो विषय केवळ लोहाच्या गोळ्यांवर सुटणारा नाही. नेमक्या याच कारणासाठी तो खर्ऱ्याच्या शेपटाला बांधू नये. एका गावाच्या अंगात वर्षभरात एकच काम तडीस नेण्याचे बळ असते, असे माझे नोकरीतील निरीक्षण आहे.

चौदा पानांची प्रश्नावलीही तूर्त बाजूला ठेवा. आरोग्य संवर्धनाच्या क्षेत्रात संशोधन आणि प्रशिक्षण हे दोन निराळे विभाग मानले जातात. एकाने माहिती गोळा करायची आणि दुसऱ्याने व्याख्यान द्यायचे. आमच्याच जिल्ह्यात याच्या उलट उदाहरण घडले आहे आणि ते जगभर अभ्यासले गेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात गडचिरोली जिल्ह्यात नवजात बालकांच्या मृत्यूंवर काम केले. ३९ गावांत घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची पद्धत राबवली आणि ४७ गावांत केवळ नोंदी ठेवल्या, म्हणजे तुलना करता यावी. पहिली दोन वर्षे दोन्हीकडे फक्त मोजणी झाली. त्यानंतर गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवण्यात आले, आणि शिकवणेही टप्प्याटप्प्याने झाले. आधी बाळाचे वजन घेणे, ताप मोजणे, श्वास मोजणे. ते हातात बसल्यावर पुढच्या टप्प्यात जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे. काम केलेल्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ वरून सुमारे २५ वर आले, तर तुलनेच्या गावांत ते जवळपास जागच्या जागीच राहिले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून केंद्र सरकारने हीच पद्धत देशभर आशांमार्फत सुरू केली. आज तुमच्या गावची आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्या भेटींचे मूळ येथे आहे.

आता त्यातील एक बारीक गोष्ट सांगतो, कारण माझ्या मते सगळे मर्म तिच्यात आहे. लहान मुलाला न्यूमोनिया आहे का हे श्वासांच्या वेगावरून कळते; दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास झाले तर ते धोक्याचे लक्षण. परंतु साठपर्यंत सलग मोजणे ज्यांना जमत नव्हते अशा दाई आणि अल्पशिक्षित कार्यकर्त्यांसाठी एक साधे यंत्र तयार करण्यात आले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर बाळ आजारी आहे. ज्या बाईला हे करायचे आहे तिला काय येते आणि काय येत नाही, याचा अभ्यास झाला होता म्हणून ते यंत्र बनले. तुमच्या गावच्या प्रशिक्षणाचीही अशीच उलट्या टोकाकडून आखणी करा.

खर्ऱ्यापुरते सांगायचे तर कर्करोगाची चित्रे पाहून खर्रा सुटलेला माणूस मी अपवादानेच पाहिला. दुष्परिणाम सर्वांना पाठ आहेत. गावातील सात-आठ जणांना पुढील गोष्टी हाताने करता आल्या पाहिजेत: बॅटरीच्या उजेडात तोंडाच्या आतील पांढरे-तांबडे चट्टे आणि न भरणारी जखम ओळखणे, स्वतःची तीन बोटे उभी धरून वरच्या व खालच्या दातांमध्ये जातात की नाही हे माणसाकडून करवून पाहणे, आणि सोडू इच्छिणाऱ्याशी उपदेश न करता पाच-दहा मिनिटे बोलून त्याच्याकडून सोडण्याचा दिवस ठरवून घेणे. बोटे जात नसतील तर आतील कातडी आवळत चालली आहे असे समजावे. हा आजार मुख्यतः सुपारीमुळे होतो, म्हणून ‘तंबाखू काढून नुसती सुपारी खातो’ या पळवाटेचा काही उपयोग नाही. सुपारी स्वतंत्रपणे कर्करोगजनक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे.

सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, शौचास साफ होत नाही, आणि याच काळात माणूस पुन्हा पानठेल्याकडे वळतो. तेव्हा त्या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाणार, याची नावानिशी वाटणी केल्याशिवाय प्रशिक्षण पूर्ण झाले असे मानू नये. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांकही जवळ ठेवावा. मात्र तो माणसाला पर्याय ठरत नाही.

उत्तर : सेलू_वर्धा (समुदाय वैद्यकशास्त्राच्या अध्यापिका)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मोजणीच्या बाजूने काही गोष्टी जोडते, कारण तेथे चूक झाली तर वर्षभराची मेहनत पाण्यात जाते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

पहिली गोष्ट हंगामाची. आपण स्वतःच लिहिले आहे की रोवणीच्या दिवसांत मजुरांना खर्रा पुरवला जातो. समजा, आपण पहिली मोजणी आषाढात, ऐन रोवणीत केली आणि दुसरी पौषात, धान घरात आल्यावर केली, तर काहीही न करता खर्रा कमी झालेला दिसेल, आणि सर्वजण आनंदाने पेढे वाटतील. याउलट पहिली मोजणी कडक उन्हाळ्यात हात रिकामे असताना आणि दुसरी तेंदूपत्त्याचे पैसे हातात आल्यावर झाली, तर चांगले काम होऊनही ते फसल्यासारखे वाटेल. म्हणून दुसरी मोजणी पुढच्या वर्षी, पहिलीच्याच महिन्यात, शक्यतो आठवड्याच्या त्याच वारी आणि बाजाराचा दिवस टाळून कराव्यात. त्याच पंचक्रोशीतील, साधारण तेवढ्याच लोकसंख्येच्या आणि तशीच शेती असलेल्या दुसऱ्या एखाद्या गावातही तीच मोजणी केली तर अधिक चांगले. कारण सुपारीचा भाव वाढला किंवा पोलिसांनी तालुकाभर धाडी घातल्या, तर दोन्ही गावांत सारखाच फरक दिसेल आणि तो आपल्या कामाचा नाही हे कळेल. त्या गावालाही वर्षभरानंतर हेच प्रशिक्षण देण्याचे वचन आधीच द्यावे, अन्यथा ते गाव आपल्यासाठी फुकट राबले असे होईल.

दुसरी गोष्ट विचारणाऱ्याची. मुलांना गुरुजींनी विचारले तर एकही मूल खर्रा खात नाही असे उत्तर मिळेल. पालकांसमोर विचारले तरी तेच. चित्रांची छोटी चिठ्ठी द्यावी, तीवर नाव नसावे, मुलाने खूण करून ती मतपेटीसारख्या बंद डब्यात टाकावी, आणि तो डबा शाळेत न उघडता बाहेर उघडावा. प्रश्न ‘तू खातोस का’ असा नसावा; ‘काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत खाल्लास का’ असा असावा. सवयीविषयी माणूस स्वतःची समजूत घालून उत्तर देतो, कालच्या दिवसाविषयी त्याला तितके सोयीचे उत्तर सुचत नाही. याहून भरवशाचे मोजमाप तर आपल्याच पत्रात आहे. हातपंपाजवळच्या पन्न्या. एक रविवार निवडून परिसर पूर्ण झाडून घ्यावा, आणि पुढचे सहा दिवस रोज शाळा सुटल्यावर पडलेल्या पन्न्या उचलून, मोजून, वहीत लिहाव्यात. याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही, कोणी खोटे बोलू शकत नाही, आणि हातमोजे घातलेल्या दोन बायका हे काम अर्ध्या तासात करू शकतात.

तिसरी गोष्ट संमतीची. महाविद्यालय या माहितीवर निबंध प्रसिद्ध करणार असेल तर त्यांच्या एथिक्स कमिटीची (संशोधनातील नैतिक बाबी तपासणाऱ्या समितीची) मान्यता आवश्यक आहे, आणि ती मान्यता पाहण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांवरील संशोधनात पालकांची संमती तर हवीच, शिवाय सात वर्षांवरील मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते. बारा वर्षांवरील मुलाकडून ती लेखी घेतात. सरपंचांनी किंवा ग्रामसभेने होकार दिला म्हणजे प्रत्येक घराचा होकार मिळाला असे होत नाही. कोणी नकार दिला तर त्याचे कारण विचारू नये.

महाविद्यालयाला नाही म्हणू नका, परंतु अटी घाला. प्रश्नावली दोन पानांची असावी, त्यातील निम्मे प्रश्न ग्रामसंघाने ठरवावेत, माहिती भरणाऱ्यांत गावातील मुलींचा समावेश असावा आणि त्यांना मानधन मिळावे, आणि निष्कर्ष आधी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावेत, मगच छापावेत. ही शेवटची अट लेखी घ्या. आमच्या जिल्ह्यात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६९ पासून प्रत्येक नव्या तुकडीने एक गाव दत्तक घ्यायची पद्धत आहे. विद्यार्थी त्या गावात शिबिराला राहतात, कुटुंबे वाटून घेतात आणि पुढेही त्यांच्याकडे जात राहतात. प्रत्येक महाविद्यालयाला इतके जमेल असे नाही, परंतु पुन्हा येण्याची तारीख न देता जाणाऱ्याला गावाने माहिती देऊ नये, इतका नियम करायला काय हरकत आहे?

उत्तर : पऱ्हाटी (ग्रामपंचायत सदस्य, जिल्हा यवतमाळ)

सर्वांचे मार्गदर्शन मोलाचे आहे, तरीही एक विरोधी सूर लावतो. प्रशिक्षण या शब्दाचीच मला भीती वाटते. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले, अनेकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यानंतर गावोगावी प्रशिक्षणांचा पाऊस पडला. मास्क लावा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेने फवारा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. हे सर्व खरेच आहे. परंतु त्या वर्षी पऱ्हाटी (कपाशीची झाडे) डोक्याच्या वर गेली होती, हवा ढगाळ व दमट होती, मजूर दिवसभराच्या रोजीवर दुसऱ्याच्या शेतात फवारत होता, आणि दुकानदार जे देईल ते औषध, सांगेल त्या मिश्रणात पंपात जात होते. भाद्रपदाच्या उकाड्यात रबरी हातमोजे आणि जाड मास्क लावून पंधरा-वीस लिटरचा पंप पाठीवर घेऊन दुपारपर्यंत चालून दाखवा, असे मी एका प्रशिक्षकांना म्हणालो होतो. त्यांनी विषय बदलला.

सांगायचा मुद्दा असा की, आरोग्य संवर्धनाच्या नावाखाली सगळा दोष ज्याच्या अंगावर संकट कोसळते त्याच्याच सवयीवर टाकला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेतील ज्या ओटावा सनदेला या क्षेत्रात पाया मानतात, ती १९८६ ची सनद पाच गोष्टी सांगते. आरोग्याला पोषक धोरण, पोषक परिसर, लोकांची सामूहिक कृती, व्यक्तीची कौशल्ये आणि आरोग्यसेवेची दिशा बदलणे. आपण पाचांतील एक, व्यक्तीची कौशल्ये, तेवढी उचलतो, कारण ती स्वस्त पडते आणि कोणाशी भांडावे लागत नाही.

तुमच्या गावात शाळेपासून पानठेला किती अंतरावर आहे, हे कोणी मोजले आहे का? २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या, आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि अठरा वर्षांखालील मुलाला ते कोठेच विकता येत नाहीत. बालन्याय कायदा २०१५ तर मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, आणि ती कशी पाळली जाते हे प्रत्येकाने आपल्या चौकात पाहावे. टेप घेऊन अंतर मोजणे हेसुद्धा संशोधनच आहे, आणि त्याचा निष्कर्ष सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

अर्थात लगेच पोलिसांना बोलवा, असेही मी म्हणणार नाही. अनेक गावांत पानठेला चालवणारी व्यक्ती विधवा किंवा अपंग असते, आणि ठेला उचलला की एक चूल विझते. ग्रामपंचायतीने जागा बदलून देणे, खर्ऱ्याऐवजी काय विकता येईल याला बचत गटातून कर्ज देणे, हे ठरावात आले पाहिजे. आणि शेतमालकांची बैठक वेगळी घ्या. रोवणीत खर्रा देणे बंद करायचे असेल तर सर्व मालकांनी एकाच दिवसापासून बंद केले पाहिजे. एकट्याने केले तर त्याच्या बांधीत (धानाच्या शेतात) मजूर येणार नाही, ही साधी गोष्ट आहे.

उत्तर : मेळघाट_गटप्रवर्तक (धारणी तालुका, जिल्हा अमरावती)

थोडक्यात लिहिते. हे काम आशाताईंच्या गळ्यात घालू नका. त्यांचा मोबदला बराचसा कामागणिक असतो, नोंदवह्या आणि ॲप आधीच भरपूर आहेत, आणि तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेह, रक्तदाब व कर्करोगाची तपासणी-यादी भरण्याचे काम त्यांच्याकडे आहेच. त्या यादीत तंबाखूचा प्रश्न आहे. म्हणजे मोठ्यांची निम्मी माहिती उपकेंद्रात पडून आहे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून गावाचा एकूण आकडा, नावे वगळून, मागा. नव्याने घरोघर जाण्याआधी हे करावे. तोंडाची तपासणी शिकवण्यासाठीही त्यांनाच विनंती करा, कारण संशयित रुग्ण पुढे पाठवायची साखळी त्यांच्याच हातात आहे.

सात-आठ जणांना शिकवायचे म्हणता, त्यात खर्रा सोडलेला किमान एक पुरुष असावा. आमच्याकडे कोरकू आदिवासींच्या पाड्यांत मराठीतून दिलेले प्रशिक्षण डोके हलवून ऐकले जाते आणि तेथेच राहते. कोरकूत बोलणारी, त्याच पाड्यातली बाई बोलली की लोक उलट प्रश्न विचारू लागतात. तुमच्याकडे भाषेचा अडसर नसेल, पण ज्याने स्वतः भोगले आहे त्याच्या शब्दाला वजन असते.

गावातील साध्या माणसांना शिकवून काय होते, असे कोणी म्हणाले तर विदर्भातीलच ‘विश्राम’ या प्रकल्पाचा दाखला द्या. ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी लोकांशी बोलायला आणि आधार द्यायला सुरुवात केली, आणि नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. त्यात गावातील कार्यकर्त्याच्या मागे समुपदेशक आणि त्याच्या मागे मनोविकारतज्ज्ञ अशी रांग होती, हे मात्र विसरू नये. मागे कोणी नसेल तर पुढचा माणूस महिनाभरात थकतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर : धानपट्टा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वरील उत्तरे मी ग्रामसंघाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवली. रक्तक्षयाचा विषय पुढच्या वर्षावर टाकण्यास थोडा विरोध झाला, पण शेवटी सर्वांनी मान्य केले. महाविद्यालयाला आमच्या अटी लेखी कळवल्या आहेत. प्रश्नावली लहान करण्यास ते तयार आहेत, निष्कर्ष ग्रामसभेत आधी वाचण्याविषयी मात्र त्यांनी वरिष्ठांना विचारून सांगतो असे म्हटले आहे. शाळेपासून पानठेल्याचे अंतर आम्ही दोरीने मोजले. एक ठेला हद्दीच्या बाहेर आहे आणि दुसरा चांगलाच आत आहे. तो आमच्याच गटातील एका ताईचा आहे, त्यामुळे बैठकीत काही वेळ कोणी बोलले नाही. नंतर त्या ताई स्वतःच म्हणाल्या की, पोरांना मी देत नाही, पण बापासाठी न्यायला पाठवलेले पोर ओळखायचे कसे?

यावरून एक अडचण आली आहे. प्रशिक्षणासाठी निवडायच्या आठ जणांत या ताईंना घ्यावे की नाही, यावर दोन मते आहेत. काहींच्या मते विकणाऱ्याच्याच हाती सोडवण्याचे काम देणे हास्यास्पद होईल. दुसरे असे की, पहिली मोजणी रोवणीत करावी की रोवणी संपल्यावर, हेही ठरत नाही. रोवणीत कोणालाच वेळ नसतो.

उत्तर : सेलू_वर्धा

मोजणी रोवणी संपल्यावर करा आणि पुढील वर्षीही रोवणी संपल्यावरच करा. पावसाप्रमाणे रोवणी पुढेमागे होते, म्हणून कॅलेंडरची तारीख न धरता गावातील शेवटची बांधी रोवून झाल्यानंतरचा दुसरा आठवडा, असे वहीत लिहून ठेवा. पन्न्यांची मोजणी तेवढी रोवणीतही एकदा करून पाहा. मुले शाळा बुडवून बांधीवर जातात त्या दिवसांत हातपंपाजवळच्या पन्न्या कमी होतील आणि धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) वाढतील, असा माझा अंदाज आहे. तसे झाले तर शेतमालकांच्या बैठकीत दाखवायला तुमच्याकडे काहीतरी हाती असेल.

ठेलेवाल्या ताईंविषयी माझे मत असे की, त्यांना जरूर घ्यावे. कोण किती खर्रा नेतो, कोणाचा वाढला, कोणी मध्येच दोन दिवस सोडून पाहिला, हे गावात त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. फक्त त्यांच्याकडे घरभेटी आणि कोणाचीही नावे लिहिण्याचे काम देऊ नका, म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकांना पाळत ठेवल्यासारखे वाटणार नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न, बापासाठी आलेले पोर ओळखायचे कसे, हा प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशीचा पहिला विषय म्हणून ठेवा आणि उत्तर आपण देऊ नका. बसलेल्या बापांना द्यायला लावा.

उत्तर : पऱ्हाटी

आणि त्या ताईंच्या ठेल्याची जागा बदलण्याचा अर्ज त्याच बैठकीत लिहून घ्या. प्रशिक्षण संपल्यावर ग्रामसेवक सापडत नाहीत.